बिबट्या कोणत्या खात्याचा?

विद्यार्थी मित्रांनो, समजा तुम्ही मुंबईच्या उपनगरात, बोरिवलीला किंवा मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी राहता. रात्रीचे अकरा वाजले आहेत. अभ्यास आटोपून तुम्ही खिडकीशी येता, तो समोरच्या कुंपणाच्या भिंतीवर एक जनावर दिसते. पिवळसर अंग, अंगभर काळे ठिपके आणि लांब शेपूट. क्षणभर ते थांबते, पलीकडे उडी टाकते आणि दिसेनासे होते. तुम्ही पाहिलात तो बिबट्या.

आता सांगा, तुम्ही कोणाला कळवाल? पोलिसांना, अग्निशामक दलाला, महापालिकेला की वनखात्याला?

बिबट्या वन्य प्राणी आहे, तेव्हा वनखात्याला, असे तुम्ही म्हणाल. उत्तर बरोबर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्याला पहिल्या अनुसूचीत घालून पूर्ण संरक्षण दिले आहे. त्याला पकडायचे झाले तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. पण जरा पुढे विचार करा. बिबट्या तेथे कशासाठी आला? बहुधा भटक्या कुत्र्यासाठी. कुत्र्यांचा बंदोबस्त महापालिकेकडे आहे. कुत्रा तेथे का राहतो? कोपऱ्यावर उकिरडा आहे म्हणून. तो उचलणे हेही महापालिकेचेच काम, पण तिच्या दुसऱ्या विभागाचे. बिबट्या आल्याचे कळताच शेदोनशे माणसे जमतील. त्यांना आवरणे पोलिसांकडे. म्हणजे एका बिबट्याच्या मागे चार कार्यालये उभी आहेत, आणि बिबट्याला त्यांपैकी एकाचीही पाटी वाचता येत नाही!

शहरातला निसर्ग सांभाळायचा म्हणजे काय, हे समजून घ्यायला मुंबईच्या बिबट्यासारखे दुसरे उदाहरण नाही. ते आपण नीट पाहू.

शहराच्या पोटातले रान

मुंबई आणि ठाणे यांच्या मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर. पश्चिमेला बोरिवली, कांदिवली, मालाड. पूर्वेला मुलुंड, भांडुप. उत्तरेला ठाणे आणि घोडबंदरचा रस्ता. दक्षिणेला आरे वसाहत. लाखो माणसांची वस्ती या रानाला चहूबाजूंनी भिडली आहे.

एवढे रान शहरात टिकले कसे? त्याचे एक मोठे कारण पाणी. या डोंगरांत विहार आणि तुळशी असे दोन तलाव आहेत. विहार १८६० च्या सुमारास बांधून झाला, तर तुळशी १८७९ मध्ये. दोन्हींचे पाणी मुंबईला पिण्यासाठी मिळते आणि दोन्ही महापालिकेच्या ताब्यात आहेत. तलावात स्वच्छ पाणी यायला हवे असेल तर भोवतालच्या डोंगरावर झाडी राखावी लागते. तलाव महापालिकेचे आणि झाडी वनखात्याची. म्हणजे येथे निसर्गानेच या दोघांना फार पूर्वी एका घरात नांदायला लावले होते.

या रानात आणि आसपास बिबटे किती? ते मोजण्याची युक्ती मोठी गमतीची आहे. तुमच्या बोटांचे ठसे जसे दुसऱ्या कोणाशी जुळत नाहीत, तसे एका बिबट्याचे ठिपके दुसऱ्याशी जुळत नाहीत. म्हणून जनावरांच्या वाटेवर आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे बांधतात आणि छायाचित्रांतले ठिपके ताडून पाहतात. या पद्धतीने २०१५ मध्ये ३५, २०१८ मध्ये ४७ आणि २०२४ मध्ये ५४ बिबटे नोंदले गेले. प्रत्येक वेळी पाहणी केलेला भाग अगदी तोच नव्हता, त्यामुळे या आकड्यांवरून झटपट वजाबाकी करू नये. पण एक गोष्ट नक्की दिसते. एवढ्या गजबजलेल्या शहराला लागून इतके बिबटे राहतात, असे ठिकाण जगात विरळाच.

पिंजरा लावला, तरी हल्ले वाढले

हे शेजारपण नेहमीच शांत नव्हते. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या कडेला बिबट्यांचे हल्ले फार वाढले. एकट्या जून २००४ मध्ये सुमारे दहा माणसे मरण पावली. त्यांत लहान मुलेही होती. लोक भयभीत झाले, संतापले. "बिबटे पकडा आणि दूर नेऊन सोडा" अशी मागणी जोरात होऊ लागली. तुम्ही त्या वस्तीत राहत असता तर तुम्हीही तेच म्हणाला असता.

वनखाते तेव्हा तेच करीत होते. ठिकठिकाणी पकडलेले बिबटे दुसऱ्या जंगलात, काही वेळा याच उद्यानात, नेऊन सोडले जात. मग हल्ले कमी का झाले नाहीत?

याचे उत्तर पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात मिळाले. तेथे उसाच्या शेतांत बिबटे राहतात. १९९३ ते २००१ या काळात तेथे वर्षाला सरासरी ४ हल्ले माणसांवर होत. २००१ पासून बिबटे पकडून जवळपासच्या जंगलांत सोडण्याची मोहीम सुरू झाली, आणि २००१ ते २००३ या काळात ही सरासरी १७ वर गेली! जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाणही वाढले. जीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदी तपासून काढलेला निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्या हलवणे हाच उपाय नसून अपायाचे एक कारण असावे, असा तो निष्कर्ष होता.

असे का व्हावे? बिबट्या हा हद्द धरून राहणारा प्राणी आहे. मूत्राच्या वासाने आणि झाडांवरच्या ओरखड्यांनी तो आपली हद्द आखतो. तेथल्या वाटा, पाणवठे आणि माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा त्याला पाठ असतात. त्याला उचलून अनोळखी जागी सोडले की तो बिथरतो, जखमी असेल तर अधिकच. तो परतीची वाट धरतो, ती वस्त्यांमधून जाते. इकडे त्याची जुनी हद्द रिकामी पडते, आणि ती बळकवायला दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी बिबट्या येतो. एका ठिकाणचा प्रश्न सुटत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी नवा उभा राहतो.

'आजोबा' नावाच्या बिबट्याची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी २०१४ च्या मराठी चित्रपटात पाहिली असेल. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वर येथे तो विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात उपग्रहामार्फत ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. आजोबा तेथे थांबला नाही. रेल्वे, रस्ते आणि खाडी ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वाटेत त्याने माणसाला इजा केली नाही. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला.

अन्नसाखळी आणि कार्यालयांची साखळी

पिंजरा नाही, तर मग करायचे काय? येथे तुमच्या पुस्तकातली अन्नसाखळी कामी येते. उद्यानाच्या कडेची अन्नसाखळी अशी:

कचरा → भटकी कुत्री आणि डुकरे → बिबट्या

बिबट्या उद्यानातली हरणे खातोच, पण कडेला आला की कुत्रे हे त्याचे सोपे भक्ष्य. कुत्र्यांची संख्या अन्नावर ठरते आणि कुत्र्यांचे अन्न म्हणजे आपण टाकलेले उष्टेखरकटे. म्हणून बिबट्याला वस्तीपासून दूर ठेवायचे तर साखळीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे कचऱ्याला, हात घालायला हवा.

आता त्याच साखळीपुढे प्रत्येक कडीचा धनी लिहू.

कचरा: महापालिकेचा घनकचरा विभाग.
भटकी कुत्री: महापालिकेचा पशुवैद्यकीय विभाग. प्राणी जन्म नियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची नसबंदी करून, रेबीजची लस टोचून त्यांना पुन्हा त्याच जागी सोडावे लागते.
रस्त्यावरचे दिवे: महापालिका आणि वीज कंपनी.
सार्वजनिक शौचालये: महापालिका, काही वस्त्यांत म्हाडा.
जमाव: पोलिस.
बिबट्या: वनखाते.

शौचालयांचा येथे काय संबंध, असे वाटले ना? घरात किंवा घराजवळ शौचालय नसेल तर माणूस अंधारात झुडपाआड जातो आणि ओणवा बसतो. बसलेला माणूस किंवा लहान मूल बिबट्याला उंचीने एखाद्या जनावरासारखे भासते. तेव्हा वस्तीतले एक उजेडाचे, पक्के शौचालय कित्येक पिंजऱ्यांपेक्षा जास्त जीव वाचवू शकते. पण ते बांधणाऱ्या अभियंत्याच्या कागदावर 'बिबट्या' हा शब्द कोठेच नसतो.

उपकार एकाच बाजूने होतात असेही नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी अंदाज बांधला, की उद्यानाच्या परिसरातले सुमारे ३५ बिबटे वर्षाला १,५०० च्या आसपास कुत्री खात असावेत. त्यामुळे कुत्रे चावण्याचे सुमारे हजार प्रसंग टळत असावेत आणि रेबीजचा संभव असलेल्या सुमारे ९० माणसांचा धोका टळत असावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी सहसा वाचत नाही, हे लक्षात घेतले तर या अंदाजाचे महत्त्व कळेल. म्हणजे महापालिकेच्या आरोग्याच्या कामात बिबट्या फुकट हातभार लावतो आहे!

एका टेबलाभोवती

२०११ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे तेव्हाचे संचालक सुनील लिमये यांच्या पुढाकाराने वनखात्याने एक वेगळा उपक्रम सुरू केला. त्याचे नाव 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी', म्हणजे राष्ट्रीय उद्यानासाठी मुंबईकर. विद्या अत्रेय यांच्यासारखे शास्त्रज्ञ, निसर्गप्रेमी नागरिक आणि विद्यार्थी त्यात आले. बिबट्याचा प्रश्न एकट्या वनखात्याचा नाही, हे मान्य करूनच कामाला सुरुवात झाली.

पोलिसांसाठी कार्यशाळा झाल्या. बिबट्या एखाद्या इमारतीत अडकला तर पहिले काम बिबट्याला धरण्याचे नसते, ते माणसांना मागे हटवण्याचे असते. गुंगीचे औषध बंदुकीने टोचले तरी ते अंगात भिनायला काही मिनिटे लागतात. तेवढ्यात गर्दीने आरडाओरड केली तर घाबरलेले जनावर गर्दीतूनच वाट काढते आणि माणसे जखमी होतात. पोलिसांनी जागा मोकळी ठेवली तरच वनखात्याच्या बचाव पथकाला आपले काम करता येते.

वार्ताहरांसाठीही कार्यशाळा झाल्या. नुसता बिबट्या दिसला तरी "नरभक्षक आला" असा मथळा छापला, की लोक घाबरतात, पिंजऱ्याची मागणी होते, एक बिबट्या उचलला जातो आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. बिबट्या दिसणे आणि बिबट्याने हल्ला करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे वाचकांना सांगणे वार्ताहराच्या हाती असते. महापालिकेकडे उद्यानाच्या कडेचा कचरा वेळेवर उचलण्याचा आग्रह धरला गेला. वस्त्यांत आणि शाळांत जाऊन कार्यकर्ते लोकांशी बोलले.

याचा परिणाम झाला का? २०१३ नंतर काही वर्षे माणसांवरचे हल्ले जवळजवळ थांबले. बिबटे तेथेच होते, माणसेही तेथेच होती. बदलली होती ती वागण्याची रीत.

आरे वसाहतीचा धडा

गोष्ट येथेच संपली असती तर किती बरे झाले असते! पण २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये आरे वसाहतीच्या परिसरात हल्ले झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, आरेमध्ये घराजवळच एका दीड वर्षाच्या मुलीला बिबट्याने नेले. ती वाचली नाही.

आरेमध्येच असे का, हे समजायला तिचा नकाशा पाहू. १९४९ मध्ये मुंबईतले गोठे शहराबाहेर नेण्यासाठी ही दुग्धवसाहत वसवली गेली. जमीन शासनाच्या दुग्धविकास खात्याची. तिच्या काही भागात चित्रनगरी, काही भागात राज्य राखीव पोलिस दल, एका भागात मेट्रोची कारशेड. सुमारे ८१२ एकर जमीन २०२० नंतर वनखात्याकडे आली. या सगळ्यांच्या मधून आदिवासींचे २७ पाडे आहेत. त्यांतले वारली लोक पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला देव मानून बिबट्याच्या शेजारी राहत आले आहेत.

आता एखाद्या पाड्यावर रात्री दिवा हवा, शौचालय हवे आणि कचराकुंडी रोज रिकामी व्हायला हवी. जमीन एकाची, दिवा दुसऱ्याचा, शौचालय तिसऱ्याचे, रान चौथ्याचे. दुसऱ्याने काम करायचे तर पहिल्याची परवानगी हवी. पाड्यावरच्या माणसाला एका दिव्यासाठी किती उंबरठे झिजवावे लागतील, याचा विचार करा.

यात कोणी मुद्दाम कामचुकारपणा करतो, असे समजू नका. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे उदाहरण घ्या. रंगमंच एका समितीकडे, ध्वनिक्षेपक दुसरीकडे, पोशाख तिसरीकडे. प्रत्येक समितीने आपले काम चोख केले, पण ध्वनिक्षेपक दुसऱ्या दिवशी आला, तर नाटक कोणाला ऐकू जाईल? शहराच्या कार्यालयांचेही असेच होते. प्रत्येकाचा अर्थसंकल्प वेगळा, नकाशा वेगळा आणि यशाचे मापही वेगळे. कचरा विभाग टन मोजतो, पोलिस गुन्हे मोजतात, वनखाते प्राणी मोजते. "पाड्यावरचे मूल रात्री सुरक्षित आहे का?" हा प्रश्न कोणाच्याच तक्त्यात बसत नाही. तो तक्त्यात आणण्यासाठीच सर्वांनी एकत्र बसावे लागते, आणि अधिकारी बदलले तरी ते बसणे चालू राहावे लागते. २०११ च्या उपक्रमाने शिकवलेली गोष्ट एकदा शिकून भागत नाही. कचरा जसा रोज उचलावा लागतो, तसाच हा सहकार्याचा धागाही पुन्हा पुन्हा जोडावा लागतो.

बिबट्याच नव्हे, नदीचेही तेच. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून मिठी नदी निघते आणि माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठीला पूर आला आणि शहर बुडाले. त्यानंतर नदीच्या कामाची वाटणी झाली. सुमारे १८ किलोमीटरपैकी जवळजवळ १२ किलोमीटर महापालिकेकडे आणि ६ किलोमीटर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. पाणी मात्र एका हद्दीतला गाळ आणि कचरा दुसऱ्या हद्दीत नेऊन टाकते. म्हणून दोघांवर देखरेख करणारे एक प्राधिकरण त्याच वर्षी नेमावे लागले.

तुम्ही काय करू शकता?

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते. आपल्या भागातल्या झाडांची, प्राण्यांची आणि त्यांविषयीच्या ज्ञानाची नोंदवही तिने लोकांच्या मदतीने तयार करायची असते. तुमच्या गावात अशी समिती आहे का, तिची नोंदवही कोठे ठेवली आहे, हे शिक्षकांच्या मदतीने विचारून पाहा.

त्याबरोबर वर्गात एक प्रयोग करा. शाळेभोवतालच्या अर्ध्या किलोमीटरचा नकाशा काढा. त्यात नाला, तळे, मोठी झाडे, उकिरडे, पक्ष्यांच्या वस्तीच्या जागा आणि अंधाऱ्या वाटा दाखवा. मग प्रत्येक खुणेपुढे ती कोणत्या खात्याकडे आहे ते लिहा आणि प्रत्येक खात्याला वेगळा रंग द्या. जेथे दोन रंगांच्या कडा मिळतात, तेथे प्रत्यक्ष जाऊन या. बहुधा सर्वांत जास्त कचरा आणि सर्वांत जास्त अडचणी तेथेच आढळतील. त्यांपैकी एक जागा निवडा आणि दोन्ही खात्यांना मिळून एकच पत्र लिहा. दोघांना एकमेकांची नावे एका कागदावर दिसली, की निम्मे काम होते.

बिबट्यांच्या परिसरात राहत असाल तर आणखी काही गोष्टी पाळा. उष्टेखरकटे उघड्यावर टाकू नका. अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटे बाहेर सोडू नका. रात्री जावेच लागले तर बॅटरी घेऊन, दोघेतिघे मिळून, बोलत जा. बिबट्या दिसला तर त्याच्या मागे धावू नका, त्याला घेरू नका, जवळून छायाचित्र काढायचा मोह टाळा. त्याला जायला वाट द्या आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आता पुन्हा त्या खिडकीशी या. भिंतीवरचा बिबट्या निघून गेला आहे. वनखात्याला तुम्ही कळवले, हे चांगलेच केले. पण कोपऱ्यावरचा तो उकिरडा अजून तसाच आहे. सकाळी उठल्यावर आणखी एक दूरध्वनी करा, मुंबई महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर. बिबट्याविषयीची तक्रार कचऱ्याच्या खिडकीवर का, असे कोणी विचारलेच, तर ती साखळी समजावून सांगायला तुम्ही आता समर्थ आहात.